आतली पट्टी

मला कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेता येत नाही. जुना रोग आहे हा माझा. समोरच्याचं अर्धं वाक्य झालं की पुढचं मला कळलंच असं वाटतं आणि मी उत्तर देऊन मोकळी होते. आई म्हणायची, हिला देवाने तोंडं दोन दिली आणि कान एकच दिला. त्यात तेवीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढलेली. मग तर विचारूच नका.

मी रुग्णालयाच्या तळघरात काम करायची. निर्जंतुकीकरण विभाग. नाव भारदस्त, काम सरळ. वरून आलेली ऑपरेशनची हत्यारं, कपडे धुवायचे, पुसायचे, नव्या कापसाच्या बोळ्यांसकट पाकिटात भरायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालून वाफेवर काढायचे. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा प्रेशर कुकर, दुसरं काही नाही. तळघराला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ, ते वरून येणाऱ्यांचे बूट बघून कळायचं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

आमच्या पाकिटाला एका बाजूने जाड कागद असतो आणि दुसऱ्या बाजूने आरपार दिसणारं प्लास्टिक. कागदातून वाफ आत जाते, जंतू जात नाहीत. बाहेरून चिकटपट्टी लावायची, ती तापली की तिच्यावर काळ्या रेघा उठतात. नवीन पोरी त्या रेघा बघून खूश व्हायच्या. मी पहिल्याच दिवशी झापायची. "बाहेरची रेघ म्हणजे पाकीट गरम झालं, एवढंच. आत काय झालं ते आतली पट्टी सांगते. बाहेरचं बघून विश्वास ठेवतो तो गाढव!" आतली पट्टी म्हणजे बोटाएवढा कागद. प्रत्येक पाकिटात एक टाकायचा. पांढरा आत जातो आणि वाफ नीट पोचली तर काळा होऊन बाहेर येतो. हे मी घरी जेवतानाही इतक्यांदा ऐकवलंय की माझी धाकटी बहीण ते माझ्याच आवाजात, हात नाचवत म्हणून दाखवायची.

धाकटीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण तिचा पाय कधी एका जागी ठरला नाही. ती टपाल वाटते. रोज दहा-बारा किलोमीटर, तेही पायी. सायकल दिली होती ऑफिसने, ती तिने अंगणात गंजत ठेवली. तिने लग्न केलं नाही, माझा नवरा लवकर गेला, आई-वडील त्याच्याही आधी. त्यामुळे घरात आम्ही दोघीच आणि भांडणं भरपूर.

गेल्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग निघाला. औषधं झाली, पुन्हा उलटला, मग डॉक्टर म्हणाले की हाडातला मगज बदलावा लागेल. माझा जुळला. "म्हणजे आता हिचा रागही माझ्यासारखा होणार," असं मी म्हटलं तेव्हा दाढीवाले डॉक्टर हसले. ती मात्र हसली नाही. "एवढीच शिक्षा बाकी होती," म्हणाली.

मगज दिल्यावर तिला पाचव्या मजल्यावरच्या बंद खोलीत ठेवलं. अशा चार खोल्या होत्या, एका ओळीत. हवा गाळून येणारी. खिडकीची काच पक्की बंद, आणि काचेपलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. फूल नाही, फळ नाही, कुंडी नाही. अंगात प्रतिकाराचा कण उरलेला नसतो, मातीतली साधी बुरशीसुद्धा जीव घेते. आम्ही काचेच्या अलीकडून फोनचा रिसीव्हर धरून बोलायचं. सामान द्यायचं ते भिंतीतल्या दुहेरी दाराच्या कप्प्यातून.

खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा पावलांची. पहिले काही दिवस तिने येरझाऱ्या घातल्या. नवव्या दिवशी गेले तर पलंगावर पडून होती, जेवणाला हात लावलेला नव्हता.

"ताई, इथली फरशी इतकी गुळगुळीत आहे की पायाला काही लागतच नाही," ती म्हणाली. "डोळे मिटून चालले की वाटतं, आपण मेलोय की काय."

मी म्हटलं, "वेडी आहेस का, खाऊन घे." आणि तळघरात येऊन हुंदके देऊन रडले. ऑटोक्लेव्ह चालू असला की कुणाला ऐकू जात नाही, तेवढं एक बरं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी तिच्या टपालाच्या रस्त्याने चालत गेले. जन्मात पहिल्यांदा. गावाबाहेर ओढ्याच्या कडेने पायवाट आहे, तिथून गोल गोल गोटे वेचले. पिशवीभर आणले, साबणाने घासले, पाकिटात भरले, प्रत्येकात पट्टी टाकली आणि वाफेवर काढले. मग पाचव्या मजल्याच्या इन्चार्ज सिस्टरसमोर उभी राहिले.

"दगड?" सिस्टर म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"पोटात सुरी घालता ती माझ्याच यंत्रातून येते ना? मग तळपायाखाली दगड का नाही?"

सिस्टरने आठवडाभर घोळ घातला. चार दगड प्रयोगशाळेत पाठवले, ते स्वच्छ निघाले, डॉक्टरांनी सही केली. मग कप्प्यातून गोटे आत गेले. भिंगरीने ते स्टीलच्या घमेल्यात ओतले, खुर्चीत बसून दोन्ही पाय आत घातले आणि डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लागली. खळखळ वाजत होतं, रिसीव्हरमधून ऐकू येत होतं. "आता ओढ्याची उतरण आली," म्हणाली. मग म्हणाली, "आता शेवटच्या घरचा कुत्रा येईल, थांब." मला हसू आलं. त्या दिवशी ती ताट पुसून जेवली.

शेजारच्या खोलीत एक म्हातारे सुतार होते. सिस्टरकडून त्यांना कळलं. त्यांनी निरोप पाठवला, "मला लाकडाचा तुकडा द्या, रंधा न मारलेला." मी वखारीतून आणला, वाफवला, दिला. त्यांनी बोटाने रेषा चाचपल्या आणि सांगितलं की हे झाड दोन वर्षं पाण्यावाचून तडफडलेलं आहे, इथे बघा, रेषा कशा दाटल्यात. त्या दिवसापासून लाकूड त्यांच्या हातात. झोपतानाही. पलीकडच्या खोलीतल्या बाईंना वाळलेला पाला हवा होता. तो वाफवून दिला तर म्हणाल्या, "याला भाजीसारखा वास येतोय, मीठ तेवढं राहिलं." त्या हसल्या म्हणून सिस्टर हसली, मीही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाकिटांची वर कुणी वाट बघत होतं. मला चढलं होतं ते, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी भिंगरी म्हणाली, "ताई, गोटे छान आहेत. पण वास नाही गं कशालाच. शेवटच्या घरापुढे बाक आहे ना, मी बसते तो, त्याच्याखालच्या मातीचा वास हवाय मला. एकदाच." आणि मान फिरवून रडायला लागली. ही मुलगी आईच्या मरणातही माझ्यासमोर रडली नव्हती.

माती साधी गोष्ट नाही. वाफ तिच्या पोटात शिरत नाही आणि बुरशीचे कण चिवट असतात. तीन दिवस रोज एकदा वाफवली तर कुठे भरवसा धरायचा, तोही प्रयोगशाळेने तपासल्यावर. हे मीच नवीन पोरींना शिकवलेलं. पण सिस्टर मातीला हो म्हणणार नव्हती, हे विचारण्याआधीच मला ठाऊक होतं. म्हणजे, मी विचारलंच नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर यंत्र दुरुस्तीला बंद राहणार होतं. मी दुपारी जाऊन बाकाखालची माती चमच्याने उकरून आणली, मूठभर, चाळली, पाकिटात भरली, तोंड चिकटवलं आणि शेवटच्या लोडमध्ये ढकलली. दार लागलं, वाफ सुटली. मी टेबलाकडे वळले तर टेबलावर पांढरी पट्टी पडलेली. माझ्या पाकिटात टाकायची राहिलेली.

यंत्र मधे उघडता येत नाही. मी पट्टीकडे बघत राहिले आणि मनाशी म्हटलं, त्याच लोडमधल्या बाकीच्या पट्ट्या काळ्या आल्या की झालं. त्या आल्या. माझ्या पाकिटाच्या बाहेरही छान काळ्या रेघा उठल्या होत्या. ते पाकीट मी गोट्यांच्या पाकिटांत मधोमध ठेवून वर पाठवलं. कोण गाढव ते आता मी सांगायला नको.

संध्याकाळी तिने फोन केला. "वास येतोय ताई," इतकंच म्हणाली. खूप वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. पुढे काहीतरी म्हणणार होती, "पण तू ना—" असं, पण मी म्हटलं, "पुरे आता, लाडात येऊ नकोस, गादीखाली लपवून ठेव, सिस्टरला दिसेल." आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला.

दुपारी वर गेले तर काचेपलीकडे धावपळ. तोंडावर ऑक्सिजन, अंगावर शहारे, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर बाहेर येऊन सिस्टरला म्हणाले, जंतू कुठून आला ते कळेपर्यंत अंधारात तीर मारावे लागणार, बुरशीचं औषध सुरू करावं तर ते मूत्रपिंडाला जड, तिला झेपेल की नाही सांगता येत नाही. मला माहीत होतं ना कुठून आला ते.

सांगितलं तर नोकरी जाणार. नोकरीचं मला त्या क्षणी खरंच काही वाटलं नाही. पण गोटे, लाकूड, पाला, सगळं बंद होणार, चारही खोल्यांत. आणि नाही सांगितलं तर ही मरणार. यात विचार करण्यासारखं काय होतं? तरी मी दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. ती दोन मिनिटं मला अजून छळतात.

भिंगरीने मला काचेतून पाहिलं. तिने मास्क बाजूला केला आणि पलंगाजवळचा रिसीव्हर ओढला. मी माझा उचलला.

"ताई, ऐक, ते पाकीट मी—"

"बोलू नकोस, दम लागेल. मला कळलंय. मी डॉक्टरांना सांगतेय सगळं."

"अगं, पण ऐक तरी, मी ते—"

"तू गप्प पडून राहा!" मी ओरडले आणि रिसीव्हर आदळला. काचेपलीकडे ती हात हलवत होती. नाही, नाही, असा. मला वाटलं, सांगू नकोस म्हणतेय. बाकीच्यांचं सुख जाईल म्हणून. असली शहाणी आहेच ती. मी पाठ फिरवली आणि डॉक्टरांना सांगितलं की मी माती दिलीय, आतली पट्टी न टाकता, एकाच वाफेवर काढलेली.

डॉक्टरांचा चेहरा मी विसरणार नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. "कोणत्या खोलीत काय काय आहे?" एवढंच विचारलं. तासाभरात चारही खोल्यांतून मी दिलेलं सगळं बाहेर निघालं. झगे घातलेली माणसं आत गेली, गोटे, पाला, जे दिसेल ते पिवळ्या पिशव्यांत भरलं. भिंगरीच्या गादीखालचं पाकीट चिमट्याने उचलून डब्यात गेलं, डबा प्रयोगशाळेत. सुतारकाका मूठ सोडायला तयार नव्हते. "माझ्या लाकडात पट्टी होती ना?" असं विचारत होते म्हणे. होती. काळीकुट्ट पट्टी होती, मीच टाकलेली. सिस्टरने एकेक बोट उघडून तुकडा काढून घेतला.

मला त्याच संध्याकाळी कामावरून थांबवलं, आणि चौकशी होईपर्यंत पाचव्या मजल्यावर पाऊल ठेवायची बंदी. मगज माझा, बहीण माझी, आणि मी दारातल्या पहारेकऱ्याकडून तिची खबर विचारत होते. बुरशीचं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचा निकाल आला: मातीत बुरशी जिवंत. ते ऐकून मी घरी आले आणि तिच्या टपालाच्या बुटांपुढे बसून राहिले. माझ्या हाडातलं काढून तिला दिलं आणि माझ्याच हाताने तिला विष घातलं, हा एकच विचार. जेवण गेलं नाही, झोप आली नाही.

सहाव्या दिवशी सिस्टरने स्वतः फोन केला. ताप उतरला होता. तिच्या छातीत जी नळी घातलेली असते ना औषधासाठी, त्या नळीच्या टोकाला जंतू सापडला होता. साधा, कातडीवरचा. नळी काढली आणि चोवीस तासांत फरक पडला. बुरशी रक्तात कुठेच नव्हती. ते जड औषध बंद केलं, मूत्रपिंड हळूहळू सावरेल, म्हणाली. मी विचारलं, "मग मातीने काही झालं नाही?" सिस्टर म्हणाली, "नशीब समजा."

त्यानंतर भिंगरीचे फोन यायला लागले. मी उचलले नाहीत. नशिबाने वाचलेल्या माणसाच्या शिव्या ऐकायची हिंमत नव्हती माझ्यात. काय म्हणेल ते मला आधीच कळलेलं होतं, नेहमीप्रमाणे.

बाराव्या दिवशी चौकशी संपली. मला धुलाई विभागात पाठवलं, चादरींच्या घड्या घालायला. निर्जंतुकीकरणाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. पाचव्या मजल्यावर मात्र नातेवाईक म्हणून जायची परवानगी मिळाली.

ती खुर्चीत बसली होती. निम्मी झालेली. पाय गुळगुळीत फरशीवर, घमेलं नाही. शेजारच्या खोलीत पलंग रिकामा, चादर नवी घातलेली. मी त्याकडे बघतेय हे तिने पाहिलं आणि रिसीव्हर उचलला.

"सुतारकाका मंगळवारी गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत हात उघडमीट करत होते. सिस्टर सांगत होती, लाकूड मागायचे."

"ते तसेही—" मी सुरू केलं, आणि थांबले. डॉक्टर म्हणाले असतील, ते तसेही जाणारच होते. पण हात रिकामे ठेवून गेले, ते माझ्यामुळे. हे मी कुणाला सांगू?

"ताई, आता मला बोलू देशील?"

मी मान हलवली.

"मी ते पाकीट उघडलंच नव्हतं."

ती थांबून श्वास घेत होती.

"हातात आल्याबरोबर प्लास्टिकच्या बाजूने बघितलं. आत पट्टी नव्हती. बाहेर रेघा होत्या, आत पट्टी नाही. वीस वर्षं जेवताना तू काय ऐकवलंस मला?" ती हसायला गेली आणि तिला खोकला आला. "मग कागदाच्या बाजूने नाक लावलं. तूच सांगितलंस ना, कागदातून वाफ जाते, जंतू जात नाहीत. पाकीट तळहातात धरून गरम केलं की वास यायचा. बाकाखालचाच. रोज घ्यायचे. त्या दिवशी फोनवर तेच सांगणार होते, की तू ना, पट्टी विसरलीस. नंतर वाटलं, सांगितलं तर पाकीट परत नेशील. मग ताप आला तेव्हा सांगत होते."

"हात हलवत होतीस."

"उघडलं नाही म्हणून हलवत होते. तू पाठ फिरवलीस. डॉक्टरांनाही सांगितलं, पण तापातली बडबड समजून पाकिटाचं तोंड कुणी बघितलंच नाही."

मातीतून तिच्या अंगात काहीच गेलं नव्हतं. एक वाक्य ऐकलं असतं तर ते जड औषध हिच्या अंगात गेलं नसतं. गोटे राहिले असते कदाचित. सुतारकाकांची बोटं कुणी उघडली नसती. मी तोंड उघडलं, सवयीने. म्हणजे मला सांगायचं होतं की माझी चूक, माझी चूक, की तू तेव्हाच ओरडून का नाही सांगितलंस, की बारा दिवस मी कसे काढले. सगळं एकदम जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

खूप वेळ झाला असावा. काचेपलीकडून ती माझ्याकडे निरखून बघत होती, जराशी घाबरून.

"ताई? आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "तू बोल. मी ऐकतेय."